ताबा

इद्रीस वाईट मनाने बोलला नव्हता, हे हाजराने पुढेही कधी नाकारलं नाही. तो नाट्याहून एका लग्नाला रत्नागिरीत आला होता. जाता जाता फुफीला, म्हणजे आत्याला, भेटायला राजिवड्यात शिरला, जेवला, आणि पडवीत बसून सुपारी कातरता कातरता म्हणाला, "फुफी, इरमचं लग्न उरकून टाक गो आता. तुझ्यामागं तिची पंचाईत होईल. मी काय तिला लगेच बाहेर काढणार नाय. पण माझी पोरं मोठी झाली. कॉलेजला इकडं येतील तेव्हा हे घर लागेलच ना."

आत भांडी घासायचा आवाज थांबला. हाजराने भाच्याकडे पाहिलं. कुवेतला पंधरा-वीस वर्षं काढून आलेला, केस पांढरे झालेला, चष्मा लागलेला, हिशेबाला सरळ माणूस. तो भांडत नव्हता. पाऊस आला की छत्री घ्यावी लागेल, इतक्या साधेपणाने तो बोलत होता. तेच तिला लागलं.

घर तिचं स्वतःचं होतं. हाशिम मालवाहू जहाजावर होता. लग्नात मेहर म्हणून त्याने हे चिऱ्याचं दोन खोल्यांचं घर तिच्या नावावर केलं, तेव्हा त्याच्या भावांनी तोंडं फिरवली होती. हाशिम गेला, मूलबाळ झालं नव्हतं, पण घराला कोणी हात लावू शकलं नाही. त्याआधीच इरम आली होती. शेजारच्या सकीनाची पोर, जेमतेम चार वर्षांची. सकीना तापाने गेली, बाप बहारीनला गेला, तिकडेच दुसरं लग्न करून बसला. "दोन दिवस ठेव," असं सांगून आजीने पोर आणून सोडली होती. ती पोर आता तिशी ओलांडून गेली होती, एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करत होती, आणि अजून हाजराला खालाच, मावशीच, म्हणत होती.

इद्रीसची एसटी सुटली असेल-नसेल, हाजराने इरमला विचारलं, "तुमच्या दुकानात ती वकीलबाई येते ना, कोर्टाजवळ बसते ती? तिची वेळ घेऊन दे मला."

"कशाला?"

"काम आहे."

वकीलबाई आरोही शेट्येंचं ऑफिस माडीवर होतं. हाजरा जिना चढून दम खात बसली आणि पाण्याचा घोट घेण्याआधीच म्हणाली, "मला मृत्युपत्र करायचंय. घर इरमच्या नावाने. त्यातला एक चिराही दुसऱ्या कोणाला जायला नको."

वकीलबाईंनी लगेच काही लिहून घेतलं नाही. आधी नाती विचारली. भाऊ? तो गेला. भावाची मुलं? एकच मुलगा, इद्रीस. इरम रक्ताची? नाही. माहेरी काही?

"नाट्याला बापाचं घर आहे, घराभोवती हापूसची वाडी आहे. सातबाऱ्यावर भावासोबत माझं नाव लागलं होतं, ते अजून आहे. मी कधी मागितलं नाही. भाऊ करत होता, आता इद्रीस करतो."

"मावशी, मग नीट ऐका," आरोही म्हणाल्या. "तुमच्या कायद्यात मृत्युपत्राने, म्हणजे वसियतने, परक्या माणसाला तिसरा हिस्साच देता येतो. बाकीचे दोन हिस्से वारसाचे. आणि तुमचा वारस इद्रीस आहे. इरमला तुम्ही वाढवलंत, पण कायद्याने ती तुमची कोणी लागत नाही."

हाजराने हे एकदा मनात म्हणून पाहिलं. कोणी लागत नाही.

"इद्रीसने तुमच्यामागे संमती दिली तर सगळं घर तिला मिळू शकतं," आरोही पुढे म्हणाल्या.

"म्हणजे मी मेल्यावर इरमने त्याच्या दारात जाऊन मागायचं. ते नको. दुसरा रस्ता सांगा."

दुसरा रस्ता होता हिब्याचा. जिवंतपणी द्यायचं, आजच्या आज द्यायचं. त्याला तिसऱ्या हिश्श्याची मर्यादा नव्हती. तीन गोष्टी लागत होत्या. देणाऱ्याने दिलं म्हणायचं, घेणाऱ्याने घेतलं म्हणायचं, आणि ताबा द्यायचा. हाजराचा चेहरा उजळलेला पाहून आरोहींनी पेन खाली ठेवलं.

"मी तुमची वकील आहे, इरमची नाही, म्हणून सांगते. मृत्युपत्र बदलता येतं. हिबा केला की घर तिचं. मी मरेपर्यंत इथेच राहीन अशी अट घातली तरी ती टिकेलच असं नाही, उलट त्यावरून वाद होतात. उद्या तिचं लग्न झालं, जावई वाईट निघाला, तुमचं पटलं नाही, तर? देऊन बसलेली माणसं या खुर्चीत येऊन रडतात माझ्यासमोर."

"इरम तशी नाही."

"त्यांचीही मुलं तशी नव्हती. घरी जा, विचार करा. मग इरमला घेऊन या. तुमच्या दोघींशी मी वेगवेगळं बोलेन."

हाजरा खाडीच्या कडेने चालत घरी आली. तिला भीती वाटली नाही असं नाही. सत्तरी गाठलेली, गुडघे दुखणारी बाई, नावावर छप्पर नसलेली. तिने ते चित्र डोळ्यांसमोर आणून नीट पाहिलं. मग दुसरं चित्र पाहिलं. आपण गेल्यावर इरम पडवीत बोचकं बांधतेय आणि इद्रीस तिला अगदी चांगुलपणाने सांगतोय, की घाई नाही, सावकाश जा. आपल्याला भीती वाटते म्हणून पोरीला आयुष्यभर अधांतरी ठेवायचं आणि वर त्याला माया म्हणायचं, हे तिला जमणार नव्हतं. घरी पोचेपर्यंत तिचं ठरलं होतं.

अडली ती इरमच.

"मला नको," ती म्हणाली. ती बोंबील साफ करत बसली होती, मान वर न करता बोलली.

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. घरासाठी म्हातारीजवळ राहिली म्हणतील सगळे."

"म्हणू देत."

"तुला नाही म्हणणार, खाला. मला म्हणतील. उद्या तुझ्या पायाला मी तेल चोळलं तरी त्याचा भाव करतील."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून हाजराला राग आला. "आणि तू रस्त्यावर उभी राहिलीस की तीच माणसं हळहळतील. त्यांच्या हळहळीत राहायला जाणार आहेस? ती किती खोल्यांची आहे?"

दोघींनी पुढचे काही दिवस कामापुरतंच बोलून काढले. हाजराने पुन्हा विषय काढला नाही, पण आपलं म्हणणं सोडलंही नाही. कोणी पडवीत आलं की ती इरमच्या देखत सांगायची, "वकिलाकडे जाऊन आले. घर पोरीला देतेय." अशीच आलेल्या एका बाईने इरमकडे वळून फक्त "चांगलं झालं गो" म्हटलं आणि डाळीचा भाव विचारला. जग कोसळलं नाही, हे इरमने पाहिलं.

शेवटी एका शुक्रवारी दुकानातून येऊन ती चप्पलही न काढता दारात उभी राहिली.

"घेते. पण चोरून नाही. इद्रीसभाईला आधी सांग. नोंदणीच्या ऑफिसातून, लोकांकडून कळायला नको. तुझ्या तोंडून कळू दे."

हे ऐकून आरोहींनी कपाळाला हात लावला. आधी नोंदणी करा, मग सांगा, असा त्यांचा सल्ला होता. हाजरा म्हणाली, "वकीलबाई, सल्ला बरोबर आहे तुमचा. पण पोरीने एवढी एकच अट घातलीय, आणि तीसुद्धा माझ्या भाच्यासाठी. ती मोडून मी तिला घर कसं देऊ?"

तिने इद्रीसला फोन केला. दुसऱ्या दिवशी तो आला. या वेळी तो बसला नाही.

"मी काय वैरी आहे तुझा, फुफी? बाप गेल्यापासून दर ईदला आलो. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा कुवेतवरून पैसे धाडले."

"धाडलेस. मी विसरले नाही."

"मग परक्या पोरीला..."

"परकी म्हणू नको. ती आत आहे, ऐकतेय."

"ऐकू दे. शरियतने जे माझं आहे ते तू कागद करून काढून घेतेस."

"तुझं माझ्यामागं होणार होतं, इद्रीस. मी अजून बसलेय. जिवंतपणी द्यायची मुभाही शरियतनेच दिलीय."

मग इद्रीसला कोणीतरी सांगून ठेवलेलं आठवलं असावं. "ताबा द्यावा लागतो हिब्यात. तू याच घरात राहणार, याच खाटेवर झोपणार, आणि म्हणणार ताबा दिला. कोर्टात टिकणार नाय. बघून घेईन मी."

तो गेला. इरम बाहेर आली तेव्हा हाजरा खाटेकडे बघत होती.

"वकीलबाईंना विचारू या," इरम म्हणाली.

विचारलं. आरोही म्हणाल्या, तुम्ही दोघी एकत्र राहता, कागदात ताबा दिल्याचं स्पष्ट लिहू, मालमत्ता पत्रकावर इरमचं नाव चढवू, वीजबिल, घरपट्टी तिच्या नावावर करू. तुम्ही बाहेर पडायची कायद्याला गरज नाही.

"कायद्याला नसेल," हाजरा म्हणाली. "इद्रीसला आहे."

नोंदणी झाली. निबंधकांच्या ऑफिसात गर्दी होती, पंखा फिरत होता आणि वारा लागत नव्हता. फोटो काढताना हाजराने पदर सारखा केला. अधिकाऱ्याने विचारलं, आजी, राजीखुशीने देताय ना, कोणाची जबरदस्ती नाही? हाजरा एवढ्या मोठ्याने "राजीखुशीने" म्हणाली की रांगेतली माणसं वळून पाहू लागली. मग इरमने सही केली.

घरी आल्यावर हाजराने शेजारच्या दोघा-तिघांना पडवीत बोलावलं. त्यांच्यासमोर किल्ल्यांचा जुडगा इरमच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "हे घर मी तुला दिलं." इरम म्हणाली, "घेतलं." मग हाजराने आतून एक पिशवी आणली. तिच्यात चार कपडे, औषधं आणि नमाजाची चटई होती.

"हे काय?" इरमने विचारलं.

"निघाले."

"कुठे?"

"माहेरी. ताबा दिला म्हणजे दिला. तू बोलावशील तेव्हा येईन, तुझ्या घरी."

इरमने पिशवीला हात घातला, ओढाओढ केली, रडली. हाजराने पिशवी सोडवून घेतली. "रडू नको. मालकिणीने दारात उभं राहून पाहुण्याला निरोप द्यायचा असतो."

गाडी पावसहून पूर्णगडाच्या पुलावरून पुढे गेली तशी खाडीकडची हवा आत आली. लग्न होऊन आली त्यानंतर हाजरा अशी पिशवी घेऊन, परत कधी जायचं ते न ठरवता, कधीच निघाली नव्हती. ती खिडकीचा गज धरून बसून राहिली. आडिवरे गेलं, नाटे आलं. फाट्यापासून भावाच्या घरापर्यंतची वाट तिने दोनदा थांबत, गुडघे चोळत कापली.

इद्रीस अंगणात जाळं शिवत बसला होता. तिला बघून त्याच्या हातातली सुई थांबली.

"ताबा दिला," हाजरा म्हणाली. "आता मला राहायला घर नाही. भावाच्या घरी आलेय."

इद्रीसची बायको रुकय्या ओट्यावर आली. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा फुफीकडे, आणि पुढे होऊन पिशवी घेतली. "आत या फुफी. चाय टाकते."

इद्रीस दोन दिवस बोलला नाही. जेवायला बसला की पाट फिरवून बसायचा. हाजराने त्याची पर्वा केली नाही. ती सकाळी उठून रुकय्याला कोकमं सुकवायला मदत करायची आणि उन्हं कलली की ओट्यावर बसायची. वाटेने जाणारं प्रत्येक माणूस थांबायचं. हाजरा, तू इकडे कशी? किती दिवस? ती प्रत्येकाला एकच सांगायची, मोठ्याने, अंगणात ऐकू जाईल असं. "राजिवड्याचं घर इरमला दिलं. किल्ल्या दिल्या. म्हणून इकडे आले." मशिदीत बांग देणारे चाचा थांबले, मासेवाल्या बायका थांबल्या, इद्रीसबरोबर होडीवर जाणारी माणसं थांबली.

तिसऱ्या दिवशी इद्रीस तिच्यासमोर येऊन बसला.

"फुफी, तू माझ्या ओट्यावर बसून माझ्याविरुद्ध साक्षीदार गोळा करतेस."

"हो."

त्याला हसू आलं, पण त्याने ते दाबलं. मग त्याचा आवाज बदलला. "माझं काय चुकलं ते तरी सांग. मला वाटायचं, तुला माझ्याशिवाय कोणी नाही. मी कुवेतला सगळ्यांना सांगायचो, रत्नागिरीत माझ्या फुफीचं घर आहे, म्हातारपणी मीच बघणार तिला."

हाजराला हे अपेक्षित नव्हतं. "तुझं चुकलं नाही. तू बघितलं असतंस. पण मला तुझ्याआधी एक पोर होती, ती तुला कधी दिसली नाही. जेवून हात धुताना पाणी तिनेच घातलं, तरी नाही."

इद्रीस ओट्यावरची माती बोटाने खरवडू लागला.

"आता दुसरं ऐक," हाजरा म्हणाली. "या घराच्या, या वाडीच्या कागदावर माझं नाव आहे. तुला ठाऊक आहे. तुझ्या बापालाही ठाऊक होतं. इतकी वर्षं कलमांना मोहर आला, आंबे उतरले, पेट्या गेल्या. मी हिस्सा मागितला नाही."

इद्रीसने चटकन वर पाहिलं.

"मागायचा नाही मला. पण तू कोर्टाची पायरी चढलास, तर मीही चढेन, आणि राजिवड्याबरोबर नाट्याचाही हिशेब होईल. नाही चढलास, तर माझ्यामागं माझा हिस्सा कायद्यानेच तुझा. त्याला ना हिबा लागणार ना वसियत. शरियतने जे तुझं आहे ते हेच, इद्रीस. इरमने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलेलं नाही."

"म्हणजे तू धमकी देतेस."

"देतेच आहे. आणि खरंही सांगतेय."

तो उठला आणि वाडीत गेला. झाडांमधून त्याची पाठ बराच वेळ दिसत होती. रुकय्याने दारातून विचारलं, "रागावले का हो?" हाजरा म्हणाली, "रागावू दे. रागावून विचार करतोय."

संध्याकाळी तो परत आला तेव्हा फक्त एवढंच म्हणाला, "कोर्टात नाय जाणार. पण त्या घरात पाय नाय ठेवणार मी." हाजराला वाईट वाटलं. तिने त्याला मनवलं नाही. काही गोष्टी आपल्याला हव्या तशा मिळतात आणि त्यांच्याबरोबर दुसरी एखादी जाते, हे तिला आतापर्यंत कळलं होतं.

रविवारी इरम आली. दुकानाला सुटी होती. ती अंगणाच्या कडेला उभी राहिली, कारण तिला आत या असं कोणी म्हटलं नव्हतं. इद्रीस ओट्यावरच होता. इरमने त्याला सलाम केला. त्याने मान हलवून घेतला.

"खाला, चल," ती म्हणाली.

"कुठे?" हाजराने विचारलं.

"घरी."

"कोणाच्या?"

इरमने इद्रीसकडे पाहिलं, मग जमिनीकडे. असं म्हणायची तिला सवय नव्हती. लहानपणी शाळेत पत्ता लिहितानाही ती 'हाजरा यांचे घर' असं लिहायची. रुकय्या दारात येऊन थांबली होती. सगळेच थांबले होते.

"माझ्या घरी," इरम म्हणाली. "माझ्या घरी राहायला चल."

हाजरा उठली. इद्रीसही उठला. त्याने आत जाऊन तिची पिशवी आणली, फाट्यापर्यंत स्वतः धरून नेली आणि गाडी येईपर्यंत तो दोघींपासून जरा लांब उभा राहिला.

घरी पोचल्या तेव्हा हाजराला पुढच्या खोलीत आपली खाट दिसली नाही. खाट मागच्या खोलीत, विहिरीकडच्या खिडकीपाशी गेली होती. पुढच्या खोलीची भिंत रिकामी करून तिथे मोठी-लहान अक्षरं लिहिलेला डोळे तपासायचा तक्ता टांगला होता.

"मी दुकानातलं काम सोडणार आहे," इरम घाईघाईने म्हणाली. "इथेच सुरू करायचं म्हणते. जागा आपलीच, भाडं नाही. राजिवड्यातल्या बायका एवढ्या लांब जायचा कंटाळा करतात."

त्या खोलीत हाजरा हाशिमच्या तारांची वाट बघत बसायची. त्याच खोलीत त्याला शेवटचं आणून ठेवलं होतं. तिथे आता येणारे-जाणारे, त्यांच्या चपला.

"मला विचारलं नाहीस," ती म्हणाली.

इरमचा चेहरा पडला. मग तिने मान वर केली. हाजराने तिला इतकी वर्षं पाहिलं होतं, पण अशी नजर वर करून उभी राहिलेली प्रथमच पाहत होती. "विचारायला हवं होतं का?"

आरोहींची खुर्ची हाजराच्या डोळ्यांसमोर आली, तिच्यात बसून रडणारी माणसं आली. तिने भिंतीला हात लावून पाहिला. नवा चुना अजून ओला होता.

"नाही," ती म्हणाली. "पण तक्ता उंच लागलाय. म्हाताऱ्यांना मान दुखेस्तोवर वर बघावं लागेल. हात-दीड हात खाली घे."

"तेवढा खाली नको, उजेड नीट पडत नाही."

"मग बल्ब हलव."

त्यावर त्या दोघी चाय होईपर्यंत वाद घालत राहिल्या. तक्ता शेवटी वीतभर खाली आला, तो इरमने ठरवलं तिथे.

पुढच्या ईदला इद्रीस आला नाही. रुकय्याने त्याच्या धाकट्याबरोबर वाडीतल्या आंब्याची एक पेटी पाठवली. हाजराने पेटी घेतली, पोराला जेवू घातलं, आणि जाताना त्याला म्हणाली, बापाला सांग, पुढच्या खेपेला स्वतः ये, दार उघडं आहे. मग तिने इरमकडे पाहिलं, कारण दार उघडं आहे की नाही हे आता तिने सांगायचं नव्हतं.

"सांग त्यांना," इरम म्हणाली. "आणि चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणावं, तपासून देईन."